येतानाची बैठक

कापड

लांबच्या रस्त्याचे ड्रायव्हर तिला गादीबाई म्हणत. तोंडावर नुसतं "बाई", पाठीमागे "गादीबाई", आणि कंबर धरली की "आमची गादीबाई".

दुकानात येणाऱ्याला वाटायचं, आपण सीट निवडायला आलोय. तो कापड बघायचा, रंग बघायचा, बोटानं फोम दाबून जाणत्यासारखी मान हलवायचा. बाई त्याला सगळं बघू द्यायची. मग म्हणायची, "झालं? आता बसा."

दुकानाच्या मधोमध एका सीटचा नुसता लोखंडी सांगाडा होता. बैठकीच्या जागी उथळ लाकडी खोकं, त्यात ओलसर बारीक वाळू, वर प्लॅस्टिकचा कागद. पाठीच्या जागी भुशानं भरलेलं पोतं. समोर एक जुनं स्टिअरिंग, कशालाही न जोडलेलं. गिऱ्हाइकानं तिथं बसायचं आणि आपला नेहमीचा रस्ता सांगायचा. घरापासून मुक्कामापर्यंत, वळणंबिळणं धरून, सगळा.

कारण माणसाला नुसतं बसवलं तर तो फोटोसाठी बसल्यासारखा बसतो. रस्ता सांगायला लागला की पाचव्या मिनिटाला त्याचं अंग खरं बोलायला लागतं. खांदा पडतो, एक मांडी सैल सुटते, मान कुठे टेकावं ते शोधते. सांगता सांगता तो मुक्कामाला आला की बाई म्हणायची, "पोचलात? उठा." आणि खुणा केलेली विणायची सुई वाळूत रोवून खळग्यांची खोली मोजायची. तेवढाच फोम कापायचा. ही रीत तिच्या वडिलांची. त्यात तिनं आजवर काडीचा बदल केला नव्हता.

शेकडो माणसांना तिनं असं बसल्या जागी मुक्कामाला पोचवलं. फक्त नवऱ्याला नाही. तो स्वतः ड्रायव्हर. चार माणसं बसवून नऊ तासांवरच्या शहरात जायचं, मुक्काम करून चार माणसं घेऊन परत यायचं. सोमवारी सकाळी गेला की बुधवारी संध्याकाळी, गुरुवारी गेला की शनिवारी. बावीस वर्षं. गादी बांधायला गाडी चार दिवस उभी करावी लागते, आणि ती चार दिवस कधी उभी राहिलीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आठवड्यातले तीन दिवस तिला नवरा असायचा आणि चार दिवस खुंटीवरचा शर्ट.

आता मात्र कंबरेनं बंड केलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस गाडीला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर एक तर सीट बदला, नाहीतर रस्ता बदला.

रस्ता बदलायची सोय होती. शाळेची गाडी. सकाळी सातला सुरू, दुपारी चारला मोकळा. मुख्याध्यापकांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. ते ऐकल्यापासून बाईच्या डोक्यातल्या घड्याळात सारखे चारच वाजत होते.


आणखी कापड

पहिले चार दिवस तो मोठमोठ्या दुकानांत तयार सीटांवर बसून आला. शिलाईच्या मशीनवर त्याची थोरली बहीण बसायची, तिला सगळे ताई म्हणत. तिच्यासमोर त्यानं हकीकत मांडली.

"एक सीट थंडीत आपोआप गरम होते, ताई."

"तुझं डोकं तापायला सीट कशाला लागते?"

"दुसरी पाठ चोळून देते. बटण दाबलं की झालं."

"मग भांडी पण घासते का विचारायचंस. घरात एक लागतेच आहे."

"तिसरीवर तर उठावंसंच वाटेना. शेवटी दुकानदारानं हाताला धरून उठवलं." तो बाईकडे वळला. "पण एकीनंही मला विचारलं नाही, बाबा रे, तू जातोस कुठे? तूच बांध आता. जगाला गाद्या आणि घरच्याला फळी, बरं दिसतं का?"

"बसा," बाई म्हणाली.


जाताना

"निघालो. कोपऱ्यावरचा दवाखाना, मग पूल, पुलावर खड्डा, तो मला ओळखतो, मी त्याला. मग वखारी. वखारी संपल्या की रस्ता एकदम सुटतो गं, गाठ सुटावी तसा. दोन्हीकडे माळ. डावीकडे एक एकटं झाड, त्याच्याखाली रोज एक म्हातारा खुर्ची टाकून बसतो. कशासाठी, कुणाला माहीत नाही. मी हॉर्न देतो, तो काठी वर करतो. मग घाट. घाटात पाचव्या वळणावर ऊन मागून पुढे येतं, आरशातून काचेवर. मागची माणसं झोपलेली असतात, ती बरोबर तिथे जागी होतात. मग तळं. अगं, ते तळं रोज वेगळं असतं. एखाद्या दिवशी पत्र्यासारखं, एखाद्या दिवशी नुसतं धुकं, म्हणजे तळं आहे ते मला ठाऊक म्हणून आहे. तिथे चहा. चहावाला मला बघितलं की दूध चढवतो…"

बाई स्टुलावर बसून ऐकत होती. त्याचे खांदे खाली आले, पाठ पोत्यात रुतली, एक हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला. इतका निवांत तो घरात पलंगावरसुद्धा नसायचा. नळ दुरुस्त करताना, भाजी चिरताना, या चार दिवसांत तो घरभर पाहुण्यासारखा अवघडून वावरत होता. आणि इथे, वाळूवर, जणू आपल्या घरी आला होता.

खड्ड्याला ओळख होती. म्हाताऱ्याला नमस्कार होता. चहावाल्याला दूध. नऊ तासांच्या रस्त्यात तिचं नाव एकदाही आलं नाही.

"पोचलो," तो म्हणाला.

"उठा," ती म्हणाली.


अंगठाभर

कंबरेच्या जागी तिनं फोम अंगठाभर कमी कापला.

एवढंच. दिसायला सीट देखणी. बसल्यावरही पहिला तासभर ही खोट कुणाच्या ध्यानात आली नसती. मग कंबर त्या पोकळीत टेकण शोधत राहिली असती, सापडलं नसतं, आणि महिनाअखेरीच्या आत त्यानं हात टेकले असते. "जाऊ दे," म्हणाला असता, "शाळेची गाडीच बरी." आणि मग रोज चार.

आयुष्यात तिनं कुणाला खोटी गादी बांधून दिली नव्हती. आता बांधली, तीही इतकी सफाईदार की हाताचं तिला कौतुकच वाटलं, आणि मग त्याच हातानं जेववेना.


उसवण

नवं कापड बेतायला जुनं उसवावं लागतं. ताई गाडीतली जुनी सीट मांडीवर घेऊन टाके तोडत होती आणि भावाच्या नावानं बोटं मोडत होती.

"काय काय सापडतंय बघ. दोन पेनं, एक कंगवा. केस जाऊन दहा वर्षं झाली, कंगवा अजून आहे." मग ती थांबली. "इकडे ये जरा."

जुना फोम उघडा पडला होता. मागचा भाग, जिथे माणूस खरं म्हणजे बसतो, तो जरा दबलेला, बाकी धडधाकट. पुढची कड मात्र पार गेली होती. गुडघ्यांच्या आत चार बोटांची पट्टी, तिचा भुगा झालेला. ताईनं फुंकर मारली तसा तो पिवळा भुगा उडाला.

"कुणी तरी बावीस वर्षं टोकावर बसलंय," ताई म्हणाली. "माझा भाऊ असा कधी बसतो? तो तर लोळतो."

बाईनं वाळूची मापं काढून बघितली. वाळूत सगळा भार मागे होता. पुढच्या कडेला छापच नव्हती. वाळू खोटं बोलत नाही. झिजलेला फोमही नाही. मग दोघांत चुकलं कोण?

तिनं सांगाड्याकडे बघितलं. बाबांनी शिकवलं होतं, माणूस पोचला की उठवायचा. तिनं सगळ्यांना उठवलं होतं. परत कुणालाच आणलं नव्हतं.


येताना

"पुन्हा कशाला? सांगितला की रस्ता."

"येतानाचा सांगा."

"येतानाचा काय वेगळा असतो? तोच, उलटा."

"मग उलटा सांगा."

"बरं बाई. निघालो." तो पोत्याला टेकला. "गाव सुटलं. आता तीनशे ऐंशी राहिले."

"मग?"

"मग तीनशे चाळीस."

"मधे काय लागतं?"

"लागत असेल काहीतरी. तीनशे. अडीचशे, इथे जरा गर्दी लागते, जीव खाते."

"तळं?"

"तळ्याला उजेड असतो की नाही, कोण बघतो."

"चहा?"

"येताना नाही थांबत." त्याची पाठ पोत्यापासून सुटली होती. त्याला पत्ता नव्हता. "मागची माणसं ओरडतात थांबा थांबा म्हणून, मी म्हणतो थोडं पुढे. एकशे ऐंशी. घाट. एकशे चाळीस."

"तो म्हातारा? झाडाखालचा?"

"अं? काठी वर करत असेल बिचारा. नव्वद."

दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. हनुवटी पुढे. तो वाळूवर पुढे पुढे सरकत होता, आणि मशीन थांबवून बघणाऱ्या ताईनं तोंडावर पदर धरला होता.

"पन्नास.

"तीस. वखारी.

"पूल. आता आपल्या दुकानाची पाटी दिसते. नाही, दिसत नाही तिथून, पण मी बघतो.

"आलो."

तो खोक्याच्या अगदी काठावर होता. आणखी बोटभर सरकला असता तर खाली पडला असता. पोतं आणि त्याची पाठ यांच्यामधून मांजर आरामात गेलं असतं.

"उठू?" त्यानं विचारलं.




सांगाडा

तिनं बांधलेली सीट तिनंच फाडली. ताईनं कापड बेतताना कंबरेपाशी अंगठाभर जास्त उरल्याचं बघितलं होतं. ती काही बोलली नव्हती. आता तिनं नुसती कात्री पुढे केली.

तीन दिवस बाई खपली. बैठक चार बोटं लांब केली. पुढच्या कडेला टणक फोम, त्यावर मऊ, म्हणजे टोकावर बसलं तरी मांडी कापणार नाही. कंबरेमागे वेगळी उशी, बाजूला एक पट्टा. पट्टा ओढला की उशी माणसाच्या मागोमाग पुढे येते. टेका म्हणून हट्ट धरणारी सीट नव्हती ती. तू टेकणार नाहीस ना, मग मीच येते, अशी होती.

दहावा दिवस रविवार. "चल," तो म्हणाला, "तासभर जाऊन बघू. गुण-दोष जागच्या जागी सांगता येतील."

त्याच्या शेजारच्या सीटवर ती आज पहिल्यांदा बसत होती. ती जागा नेहमी कुणा ना कुणा प्रवाशाची. पूल आला, खड्डा आला. वखारी संपल्या आणि रस्ता खरंच सुटला. तो नव्या पाठीला टेकून गुणगुणत होता. एकटं झाड आलं. खुर्ची होती, म्हातारा नव्हता. रविवारी त्यालाही सुट्टी असावी.

"कसं वाटतंय?"

"अगं, लोण्यात बसल्यासारखं."

आणखी थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "वळवा आता. येतानाचं बघायचंय."

त्यानं गाडी वळवली. ती त्याच्या पाठीवर नजर ठेवून बसली. पाच किलोमीटर झाले, दहा झाले. तो टेकलेलाच.

"पुढे सरका की."

"कशाला? बरा बसलोय."

"येताना तुम्ही टोकावर बसता. ती कड कशी झालीय ते कळायला नको?"

त्यानं आज्ञाधारकपणे पुढे सरकून बघितलं. पट्टा ओढला. दोन मिनिटं बसला, आणि हळूहळू, नकळत, परत मागे टेकला. झाडाशी त्यानं गाडी हळू केली, रिकाम्या खुर्चीला हॉर्न दिला.

बाईच्या ध्यानात आलं. ती शेजारी असेपर्यंत ही सीट तपासता येणार नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "पहिली पाठ मी मुद्दाम वाईट बांधली होती."

"किती वाईट?"

"अंगठाभर."

त्यानं रस्त्यावरची नजर काढून तिच्या अंगठ्याकडे बघितलं. "शाळेची गाडी," तो म्हणाला.

"हो."

"मग ठेवायचीस तशीच. मला काय कळणार होतं?"

"परत येताना तुम्ही कसे बसता ते तेव्हा मला माहीत नव्हतं."

वखारी दिसायला लागल्या. मग तो म्हणाला, "घेऊ का गं ती गाडी? तू सांग. तू म्हणालीस तर उद्या जाऊन होकार देतो."

एवढं ऐकण्यासाठी तिनं फोम चोरला होता. आता तो नुसता हात पुढे करून देत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढे चाराचं घड्याळ यायला हवं होतं ते आलं नाही. आलं ते वाळूवर निवांत पडलेलं त्याचं अंग. आणि नंतरचं, काठावरचं. एक काढून घेतलं तर दुसरं राहील का, ते सुईनं मोजता येणारं नव्हतं.

"उद्या सोमवार," ती म्हणाली. "चार माणसं बसवा आणि जाऊन या. येताना कुठे रुततं, कुठे टोचतं, नीट ध्यानात ठेवा. तळ्याशी चहाला थांबा. बुधवारी मला सांगा. मग शाळेचं ठरवू."

"आणि काहीच टोचलं नाही तर?"

"तसंही सांगा."

तो हसला नाही. पूल यायला अजून तीनेक किलोमीटर होते. मागून येणारी गाडी हॉर्न देत पुढे निघून गेली, मग आणखी एक. बावीस वर्षांचा ड्रायव्हर रिकाम्या रस्त्यावर नवशिक्यासारखा हळू चालला होता, आणि तिनं त्याला एकदाही घाई केली नाही.