झऱ्याचं बूड

स्टेनव्हरने घरचा झरा स्वतःच्या हाताने घालवला, आणि तोही ऐन मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आठवड्यात. उत्तर आइसलँडमध्ये पाण्यावाचून अडायचं म्हणजे कमालच, पण बाईने ती करून दाखवली.

घरामागे लाव्ह्याचं रान संपतं. वर नजर जाईल तिथवर काळा, भोकाभोकांचा दगड. त्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ साधा ओहोळही न करता आत गडप होतं, वर्षानुवर्षं आतल्या आत चालतं आणि तिच्या घरामागे थंडगार, नितळ होऊन बाहेर येतं. तिथल्या डबक्यातून एक नळी घरात जाई, एक मेंढवाड्यात. गेल्या हिवाळ्यात नळीचं तोंड गोठलं, म्हणून तिने डबकं खोल करायचं मनावर घेतलं. ट्रॅक्टरला फावडं लावून तळाचा चिखल खरवडला, बाहेर टाकला आणि कौतुकाने बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांदेखत पाणी घुटघुट करत खाली उतरलं ते उतरलंच. झरा वरून येतच होता, पण फुटक्या मडक्यात.

शेजारचा केटिल ऐंशीच्या घरातला. बातमी कळताच हसत हसतच आला.

"खरवडलंस ना बूड?"

"साफ केलं."

"साफच केलंस! सासूने सांगितलं नव्हतं, झऱ्याच्या तळाला हात लावायचा नाही म्हणून?"

"सासू तर पाणी भरताना शिट्टी वाजवू नये असंही सांगायची. काय काय ऐकायचं?"

"अगं, तो चिखल नव्हता, टाकीचं बूड होतं ते. खाली सगळी चाळण आहे."

"मग सिमेंट ओतते."

"ओत की. इथली जमीन सारखी कूस बदलते. पहिल्या धक्क्याला तडकेल, मग मी पुन्हा हसायला येईन."

तिने त्याच्यापुढे कॉफी आदळली. ती कॉफीसुद्धा त्याच्याच घरून आणलेल्या पाण्याची होती. केटिल कप फिरवत राहिला. त्याचं हसू गेलं.

"त्या भोकांत एकच गोष्ट बसते. नदीचा गाळ."

स्टेनव्हर उठून ओटा पुसू लागली.

ती नदी हिमनदीच्या पोटाखालून निघते. रंग धुण्याच्या पाण्यासारखा राखाडी, पाण्यात पिठासारखा बारीक गाळ. माणसाने प्यायचं नाही, पंपाने ओढायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी पलीकडे राहिलेली एक मेंढी आणायला स्टेनव्हरचा नवरा ब्रांडुर घोडा घालून पाण्यात उतरला होता. घोडा बाहेर आला. ब्रांडुर आला नाही, सापडलाही नाही. त्या दिवसापासून स्टेनव्हर काठाला फिरकली नव्हती. पुलावरून जाताना ती रेडिओ मोठा करायची.

"तिचं काही माझ्या घरात येणार नाही," ती म्हणाली.

"मग मेंढ्या खाटकाला दे आणि बहिणीकडे शहरात जा. तिथे नळ आहेत."

"टोमणे मारायला आलायस?"

"नाही गं. हिवाळाभर दोन घरांना पुरेल एवढं माझं पाणी नाही, हे सांगायला आलोय."

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. हिवाळाभर आत कोंडलेल्या जनावरांना पाणी लागतं. ब्रांडुरने एकेक मेंढी निवडून हा कळप जमवला होता. तो नसताना तिने तो वाढवला. कळप गेला की त्या घरात तिला राहायला कारणच उरत नव्हतं.

सकाळी ती ट्रॉली जोडून काठावर गेली. आधी तिने नदीला पोटभर शिव्या घातल्या, मोठमोठ्याने, रडत. नदीला त्याचं काही नव्हतं. मग खाली वाकून तिने गाळ हातात घेतला. तो इतका मऊ निघाला की तिला त्याचाही राग आला. तिने फावडं उचललं.

तोवर केटिलने डबक्यातल्या मोठ्या भोकांत गवताची मुळं धरलेली मातीची ढेकळं घट्ट बसवली होती. पहिल्या ट्रॉलीतला गाळ पाण्याबरोबर गिळला गेला, दुसरीतला थोडा रेंगाळला. तिसऱ्या ट्रॉलीनंतर घुटघुट थांबली आणि पाणी काठाकडे चढू लागलं.

"आता ढवळू नकोस," केटिल म्हणाला.

"एकदा ऐकलं नाही, तेवढं बास."

मेंढ्या खाली आल्या तेव्हा डबकं नदीसारखंच राखाडी होतं, आणि स्टेनव्हर तिकडे पाठ करून कामं उरकत होती. चार-सहा दिवसांनी गाळ बसला, वरचं पाणी निवळलं. केटिल नळी जोडत असताना ती कप घेऊन आली, काठावर गुडघे टेकले, वरवरचं पाणी अलगद घेतलं आणि प्यायली. तेच जुनं, दात शिवशिवणारं पाणी. खाली तळ राखाडी, गुळगुळीत.

"नऊ वर्षं तिकडे लोळत पडलास," ती तळाकडे बघत म्हणाली. "आता इथे बस, ब्रांडुर. घरचं पाणी धरून ठेव."

केटिलची नळी केव्हाच बसली होती. तरी तो मान खाली घालून ती आवळत राहिला.