नवव्या दिवसाचा भात

निकासियानं डोक्यावरचा मोठा टोप अंगणात उतरवला, चुंबळ काढून तोंडावरचा घाम पुसला, आणि तेवढ्यात तांक्रेदोनं त्या टोपाला सणसणीत लाथ घातली. टोप गडगडत जाऊन चिंचेच्या बुंध्यावर आदळला. कोंबड्या फडफडत छपरावर चढल्या आणि कुत्रं शेपूट घालून कुंपणाबाहेर गेलं.

"उचल तुझं भांडं आन् चालती हो," तांक्रेदो म्हणाला. "तुझ्या पोरानं माझा भाऊ कापला. त्या घरच्या भांड्यातलं आमी खायाचं व्हय?"

निकासिया जागची हलली नाही. आवाज ऐकून त्याची आई दोमितिला चुलीच्या छपराखालून बाहेर आली. तिच्या हातात भात परतायचं लाकडी उलथणं होतं, होडीच्या वल्ह्याएवढं लांब. तिनं ते पोराच्या पाठीत घातलं. चांगला मिशा फुटलेला बाप्या, पण गुडघ्यावर आला.

"टोप म्या मागवलाय," ती म्हणाली. "सारं गाव जेवणार हाय. तुझ्या टाळक्यात शिजवू का भात?"

एवढा मोठा टोप गावात एकच होता, आणि तो निकासियाच्या घरचा होता. लग्न असो, बाप्तिस्मा असो, की मयताचा नववा दिवस असो, टोप तिथूनच यायचा. त्याचं भाडं कधी कुणी घेतलं नाही आणि दिलं नाही. रीत एवढीच, की टोप ज्याचा, बुडाची खरवड त्याची. त्या खरवडीसाठी दोमितिलाची दोन्ही पोरं, फेर्मिन आणि तांक्रेदो, लहानपणी निकासियाच्या दारात ठाण मांडून बसायची. निकासियाचा अबुंदिओ मधे बसायचा आणि तिघं एकमेकांच्या हातातलं ओढून खायचे.

त्याच अबुंदिओनं फेर्मिनला मारलं होतं, भाताच्या खाचरात, पाटाचं पाणी अडवायच्या फळीवरून. यानं फळी उघडली, त्यानं घातली, यानं पुन्हा उघडली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं दोघांचं चाललेलं, जिभेचं काम संपलं आणि कोयत्याचं सुरू झालं. फेर्मिन चिखलात पालथा पडला तेव्हा पाणी अजून वाहतच होतं आणि खालच्या चार खाचरांत लाल होऊन पसरलं. त्या दिवशी ज्यांनी लावणी केली त्यांनी हात धुतले, पण रोपं तशीच ठेवली. रोपं काय करणार, त्यांना पाण्याशी मतलब.

शिपायांनी अबुंदिओला शहरात नेऊन कोंडला. तो हाताला लागेना म्हणून तांक्रेदोचा डोळा अबुंदिओच्या बापावर, निकासियाच्या नवऱ्यावर होता. म्हातारा तिबुर्सिओ नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला येणार, हे गावाला माहीत होतं. फेर्मिनचा धर्मपिता तो. बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली त्यानं आणि निकासियानंच फेर्मिनला हातावर धरला होता, आणि तेव्हापासून दोमितिला तिला कोमाद्रे, म्हणजे पोराच्या नात्यानं झालेली धर्मबहीण म्हणायची, ती हिला कोमाद्रे म्हणायची. नवव्या दिवशी आलेल्याला दारातून परत लावायचं नाही, शत्रू असला तरी नाही. तांक्रेदोनं चार माणसांत सांगून ठेवलं होतं, म्हातारा आत येईल तो पायानं, जाईल तो खांद्यावर.

दोमितिलाला हे चेपा शेजारणीनं सांगितलं होतं. चेपाच्या पोटात तीळ भिजत नसे, पण या खेपेला बाईनं उपकारच केले. दोमितिलाची झोप उडाली. एक पोर जमिनीत गेलं. दुसऱ्यानं म्हाताऱ्याला मारलं की ते तरी तुरुंगात सडणार, नाहीतर तिबुर्सिओचे पुतणे त्याला उसाच्या फडात गाठणार. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात ना, तसा काळ तिच्या दारात सोकावला होता, आणि त्याला हाकलायला घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तिनं टोप उचलून आणला. एका बाजूला पोचा आला होता.

"कोमाद्रे, पोचा पडला गं," ती म्हणाली.

"पडू दे," निकासिया म्हणाली. "आमच्या नशिबाला पडलाय, तिथं टोपाचं काय." आणि ती राखेनं टोप घासायला बसली. दोघी बायका एकाच टोपाच्या दोन बाजू घासत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

दोमितिलानं पोराला हाक मारली. "कोयता आण. लाकडं फोडायची हायेत."

"कोयता माझ्याजवळच राहील."

"मग तूच फोड. मोकळ्या हातानं बसून प्रार्थना ऐकणाऱ्यांतला न्हाईस तू."

तांक्रेदोनं आंब्याचं लाकूड फोडायला घेतलं. कसला फोडत होता, लाकडाचा सूडच घेत होता. ढलप्या उडून चेपाच्या कपाळावर बसल्या. ढगांनी डोंगर गिळला होता, वारा पडला होता आणि खाचरातल्या चिखलाचा आंबूस वास अंगणापर्यंत आला होता. अशा उकाड्यात माणसाचं रक्त लवकर तापतं. बोकडाचं मटण आणि लाल घेवडा आधीच शिजवून बाजूला ठेवला होता. राहिला होता फक्त भात, आणि भातात दोमितिलाचा हात धरणारी बाई सात गावांत नव्हती.

टोप चुलीवर चढला. दोमितिलानं तेल ओतलं, मीठ टाकलं, तेलाला धूर यायच्या आत पाणी घातलं. चरचराट असा झाला की दारातल्या बायका मागं सरल्या.

"पाणी कमी वाटतंय," चेपा म्हणाली.

"तांदूळ या हंगामाचा हाय. नवा तांदूळ पाणी पीत न्हाई, त्येला जास्त दिलं की गिचका."

"म्या तर नव्याला बी तेवढंच घालते."

"म्हणून तुझा नवरा भात चमच्यानं कापून खातो."

बायका हसल्या. मयताच्या घरात हसू येतं ते असंच, चोरट्यासारखं. तांक्रेदोनं वर बघितलं आणि कोयता इतक्या जोरानं हाणला की तो ओंडक्यात रुतून बसला. ओंडका चुलीला लागूनच होता. तांक्रेदोनं मूठ सोडली, हाताला थुंकी लावली, पण कोयता उपसायच्या आत आईनं त्याच्या हातात उलथणं दिलं.

"ढवळ. पाण्याला उकळी आली. माझ्या हातात आता तेवढं बळ न्हाई."

धुतलेला तांदूळ पडला. तांक्रेदो ढवळू लागला. एवढ्या तांदळाला फिरवायचं म्हणजे दंडात बळ असलेलं माणूस लागतं. त्याचा घाम भातात पडत होता, की डोळ्यातलं पाणी, ते चेपानंसुद्धा विचारलं नाही.

"आये," तो हळू म्हणाला, "तुला कायच वाटत न्हाई का गं? ती बाई टोप घिऊन येती आन् तू तिला कोमाद्रे म्हणतीस."

"मला काय वाटतं ते इचारू नगंस. मला वाटतं अबुंदिओचं आतडं या उलथण्यानं ढवळावं. रोज वाटतं, उठल्यापासनं वाटतं." तिनं त्याच्या हातून उलथणं घेतलं. "बास. आता ढवळायचं न्हाई. पाणी आटायला लागलं की भाताला हात लावायचा न्हाई."

"म्हातारा आला तर म्या सोडणार न्हाई."

"त्येनं काय केलं तुझं?"

"त्येनं अबुंदिओ जन्माला घातला."

"तसं तर त्या अबुंदिओची नाळ म्या कापली. मला बी मार मग."

त्याचा जबडा हलत होता. सुंभ जळाला तरी पीळ जाईना, आणि इथं सुंभ अजून पेटलेलाच होता.

पाणी आटलं. भातावर वारुळासारखी भोकं पडली. दोमितिलानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, नुसते निखारे ठेवले, भातावर केळीचं पान अंथरलं, वर पत्रा झाकला आणि पत्र्यावर फावड्यानं निखारे पसरले. खालून धग, वरून धग. एवढ्या मोठ्या टोपाचा भात दुसऱ्या कशानं शिजत नाही. मग ती कमरेवर हात ठेवून उभ्या बायांना म्हणाली, "आता घर पेटलं तरी झाकण उघडायचं न्हाई. वाफ गेली की भात गेला."

हे वाक्य ती लग्न होऊन या घरात आल्यापासून म्हणत होती. एकदा वादळात छप्पर उडालं होतं, तेव्हाही तिनं झाकण उघडलं नव्हतं, टोपावर आडवी पडून राहिली होती. फेर्मिन हे सगळ्या गावाला सांगायचा.

फेर्मिनसाठी पांढऱ्या चादरी टांगून मांडलेल्या देव्हाऱ्यापुढं प्रार्थना सुरू झाली. बायका एका सुरात म्हणत होत्या, पुरुष टोप्या छातीशी धरून झावळ्यांच्या मांडवात उभे होते. आणि अचानक मागचे पुरुष बाजूला झाले. तिबुर्सिओ आला होता. टोपी नव्हती, कोयता नव्हता, पायात काही नव्हतं. पुतण्यांना त्यानं घरी ठेवलं होतं. तो कुणाकडं न बघता देव्हाऱ्याच्या दिशेनं चालू लागला, आणि त्याची वाट चुलीच्या छपराजवळून जात होती.

प्रार्थना चालू राहिली, पण आवाज पातळ झाला.

तांक्रेदो मांडवातून निघाला. तो पळाला नाही. सरळ ओंडक्याकडं आला आणि त्यानं कोयत्याची मूठ धरली.

"तांक्रेदो," दोमितिला म्हणाली. ती टोपाच्या पलीकडं उभी होती. "मूठ सोड."

"बाजूला हो, आये."

"शेवटचं सांगते. सोड."

"आज न्हाई सोडत."

कोयता खोल रुतला होता. त्यानं एक हिसका दिला, ओंडका करकरला. दुसऱ्या हिसक्याला पातं सुटत आलं. म्हातारा पाच पावलांवर होता आणि थांबतही नव्हता.

दोमितिलानं पदरात वगैरे हात गुंडाळला नाही. तिला तेवढा वेळच नव्हता. तिनं उघड्या हातांनी पत्र्याची कड धरली, पत्रा उचलला आणि त्यावरचे सगळे निखारे पोराच्या मुठीवर ओतले.

तांक्रेदो असा ओरडला की डोंगराच्या कडेची गुरं उठून उभी राहिली. निखारे बोटांत अडकले, मनगटावर चिकटले, तरी मूठ लगेच सुटली नाही. सुटली तेव्हा कातडीचा एक तुकडा कोयत्याच्या मुठीवरच राहिला. तांक्रेदो मातीत लोळत होता. तिबुर्सिओ थांबला. निकासिया पाण्याची घागर घेऊन धावली आणि तिनं ती सगळी त्याच्या हातावर रिकामी केली. दोमितिला तशीच उभी होती. तिच्या हातात अजून पत्रा होता, तिच्या भाजलेल्या तळव्यांचा वास येत होता, आणि समोरच्या टोपातून सगळी वाफ भसाभस वर चालली होती.

"आये, काय केलंस गं," तांक्रेदो म्हणाला. "काय केलंस तू."

"जिता ठेवला," ती म्हणाली. मग तिला पत्र्याची आठवण झाली. तिनं तो पुन्हा टोपावर ठेवला, निखारे गोळा करून वर टाकले आणि बायांकडं वळली. "प्रार्थना कशापायी थांबवली? फेर्मिनची हाय ती, माझी न्हाई."

प्रार्थना पूर्ण झाली. तिबुर्सिओ देव्हाऱ्यापुढं गुडघ्यावर बसला आणि उठायला त्याला दोघांचा आधार लागला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, पण कुणी त्याच्यावर हातही उगारला नाही.

मग पानं वाढली. भात वरून कच्चा राहिला होता, मधे बरा होता, खाली पार लागला होता. इतक्या वर्षांत दोमितिलाच्या हातचा भात पहिल्यांदा बिघडला होता, आणि सगळ्या गावाच्या देखत बिघडला होता. शितावरून भाताची परीक्षा करणारे सगळे तिथं बसले होते. चेपानं पहिला घास घेतला. तिच्या दाताखाली कण कचकन वाजला. ती चेपा, जिनं लग्नाच्या जेवणात नवरीच्या आईला खारट म्हटलं होतं. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "आणखी वाढ गं, दोमितिला." मग सगळेच जेवले. मांडवभर नुसता चावण्याचा आवाज येत होता. तिबुर्सिओनं कुंपणापाशी उभ्यानं पान रिकामं केलं, शेवटचं शीतही ठेवलं नाही, आणि आला होता त्याच वाटेनं पायानं परत गेला.

मंडळी पांगली तशी निकासिया टोप खरवडायला बसली. खरवड काळी पडली होती. तिनं त्यातली जरा लालसर बघून एक मोठी खापरी काढली, केळीच्या पानात बांधली आणि दोमितिलापुढं धरली.

"टोप माझा, खरवड माझी," ती म्हणाली. "पर ह्यो फेर्मिनचा वाटा. त्यो दारात यायचा तवा म्या कधी रिकाम्या हातानं परत लावला न्हाई."

दोमितिलाच्या दोन्ही तळव्यांना कोरफड आणि चिंध्या बांधल्या होत्या. तिला ते पान धरता येईना. निकासियानं ते तिच्या मांडीवर ठेवलं. दोमितिला तेव्हा रडली, त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा, आणि निकासिया तिच्याशेजारी बसून राहिली, दुसरीकडं तोंड करून.

टोप डोक्यावर घेऊन निकासिया गेल्यावर दोमितिला घरात आली. तांक्रेदो भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडला होता. झाडपाला देणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, दोन बोटं वळलेलीच राहतील, कोयता आता या हातात बसायचा नाही. आईला बघून तांक्रेदोनं तोंड फिरवलं. तिनं त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं पान पुढं ओढलं, चिंध्या बांधलेल्या हाताच्या उघड्या बोटांनी भात आणि घेवडा कालवला. तिला कळ येत होती. घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ मिटलेले ठेवले. तिनं हात मागं घेतला नाही. एकेक शीत त्याच्या मांडीवर पडू लागलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

बराच वेळ तो चघळत राहिला.

"कच्चा हाय," तो म्हणाला.

"असू दे," दोमितिला म्हणाली आणि पुढचा घास कालवायला लागली. "दात हायेत न्हवं तुला. चाव."