खविसानं केलेलं लाल बटण

कंपनीतला एकूण एक माणूस त्याला खविस म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा. मालवाहतुकीची कंपनी. ट्रक बाहेर, हमाल बाहेर, आणि हा आपला आत थंडगार खोलीत कॉम्प्युटरांची राखण करत बसलेला. ड्रायव्हर नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करायचं, नवा आला की उघडायचं. त्यासाठी त्यानं स्क्रिप्टा लिहून ठेवल्या होत्या. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम, एकाखाली एक. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की काम फत्ते. ना चित्र, ना बटण. "ज्याला टाइप करता येत नाही त्यानं कॉम्प्युटर पुसावा, चालवू नये," असं तो खुशाल म्हणायचा.

पण आता गाडं अडलं होतं. लेकीचे दिवस भरले होते, पहिली खेप. बायको आधीच तिकडे जाऊन बसली होती आणि रोज फोनवर ठणकावत होती, "पोरगी सारखी बाबा बाबा करतेय. तुम्ही काय, बाळ चालायला लागल्यावर येणार?"

रजा मागितली तर साहेब म्हणाला, "जा की! फक्त ते तुमचं काळ्या पडद्याचं काम आपल्या हजेरीवाल्या बाईंना जमेल असं करून जा. बटणं काढा. हल्ली टूल मिळतं म्हणे, इकडून स्क्रिप्ट घातली की तिकडून बटणांची खिडकी."

"पिठाची गिरणी आहे का ती?" खविस म्हणाला. पण रजा हवी होती. गेला गुमान.

टूल उघडलं आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. एका बाजूला बटणं, रकाने, रंग मांडून ठेवलेले. उचला आणि हवं तिथे सोडा. बालवाडी नुसती! वर शंभर चौकशा, प्रत्येकीपुढे खूण करायची चौकट: रकाना भरलाच पाहिजे का? आधी 'नक्की ना?' असं विचारायचं का? खविसानं एकीलाही भीक घातली नाही. एवढे लाड कुणाचे करायचे? एक रकाना ठेवला, खाली लाल बटण ठोकलं, 'खातं बंद', आणि चहाला गेला.

सकाळी चाचणी. साहेब उभा, बाई खुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"इथे नाव टाकायचं, इथे दाबायचं," खविस म्हणाला.

"एवढंच? आणि एवढ्यासाठी तुम्ही इतकी वर्षं भाव खात होतात?"

"परवा गेलेल्या ड्रायव्हरचं नाव काय बरं?" साहेब मोबाइलमध्ये शोधायला लागला. तोवर बाई म्हणाल्या, "बघू तरी दाबतं कसं," आणि दाबलं. रकाना रिकामा.

झालं! आधी बाईंचा पडदा गेला, मग साहेबाचा. गेटवरच्या माणसाला ट्रक आत घेता येईना, बाहेर रांग लागली, हॉर्नांचा नुसता कल्ला. सगळ्या कंपनीची खाती बंद. खविसाचंही.

"बघा! माकडाच्या हाती कोलीत!" खविस गरजला.

"माकड तर माकड," बाई म्हणाल्या. "पण मी कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं. मग सगळ्यांना घरी बसवायचं, हे त्याला शिकवलं कुणी? मी नवऱ्याला बाजारात पाठवलं आणि काय आणायचं ते सांगायचं राहिलं, तर तो काय अख्खं दुकान उचलून आणतो?"

शिकवलं होतं खविसानंच. मागे कधी जुनी यंत्रं बदलताना सगळी खाती एका फटक्यात बंद करायची होती, तेव्हा ठरवून टाकलं होतं: नाव नाही म्हणजे सगळे. त्याच्या हातून रिकामं कधी गेलंच नाही, म्हणून इतकी वर्षं खपलं.

"रजा रद्द," साहेब म्हणाला. "असं सोडून कसे जाणार तुम्ही?"

खविस थंड खोलीत पळाला. मुख्य यंत्रात खात्यावाचून शिरायची त्याची वेगळी वाट होती. तिथून सगळी खाती उघडली. हॉर्न थांबतात न थांबतात तोच बायकोचा फोन. "दवाखान्यात नेलंय तिला. निघालात का?"

"निघतोय," म्हणाला, आणि खुर्ची ओढली. टूलला शिव्या, बाईला शिव्या, साहेबाच्या सात पिढ्यांना शिव्या. सगळ्यांत घाणेरडी शिवी हासडून स्क्रिप्टमधली ती जुनी ओळ उडवली. मग टूल उघडलं आणि ज्यांच्याकडे नाक मुरडलं होतं त्या दोन चौकटींत खुणा केल्या. झालं काम. नाक शिंकरायला याहून जास्त वेळ लागतो. हेच त्याला जास्त झोंबलं.

"दाबा," तो बाहेर येऊन म्हणाला.

"आता काय पेटवायचंय?" बाईंनी दाबलं. बटण राखाडी, ढिम्म. पुन्हा दाबलं, ठोकलं, बडवलं. काही नाही. नाव लिहिल्यावर मात्र लाल झालं, 'नक्की ना?' म्हणून विचारलं, आणि त्या एकाच ड्रायव्हरचं खातं बंद झालं.

साहेबानं मान डोलावली. "बरं, जा. पण लाल जरा भडक वाटतो. निळा करता का?"

"रंग तुम्ही द्या साहेब. तेवढं जमेल तुम्हाला."

खविसानं पिशवी उचलली. "बाई, अडलं तर फोन करा. कधीही करा."

"कशाला? आता काय अडणार आहे?" बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "फोन तुम्हीच करा. मुलगा की मुलगी ते कळवा."

खविस दारापर्यंत गेला, माघारी वळला, थंड खोलीची किल्ली खिशातून काढून बाईंच्या टेबलावर आपटली आणि चालता झाला.