खांदा बघ, कान विसर

तिचे वडील जाऊन आठवडा झाला तेव्हा काका भेटायला आले, आणि तिला जरा हसवावं म्हणून एक गोष्ट सांगून बसले. काका रक्ताचे नव्हेत. कारखान्यात सव्वीस वर्षं वडिलांच्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवर उभे राहिलेले, म्हणून काका.

गोष्ट कारखान्यातल्या कानाच्या तपासणीची होती. वर्षातून एकदा काचेच्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचा, सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. तपासनीस काचेबाहेर यंत्रापाशी बसे, आणि सूर सोडताना त्याचा उजवा खांदा किंचित वर उचलला जाई. एवढं पुरे होतं. 'खांदा बघ, कान विसर,' हा प्रेस शॉपचा गुरुमंत्र होता आणि गुरू म्हणजे तिचे वडील. तपासणीत जो नापास होई त्याची रवानगी गोदामात, खोकी मोजायला. जन्मभर पत्र्याला आकार दिलेल्या माणसाला खोकी मोजायला बसवणं म्हणजे त्याला जिवंतपणी मोडीत काढणं. तेव्हा नापास कुणी होतच नसे.

काका गदगदून हसले. ती हसली नाही. तिच्यासमोर टेबलावर कारखान्याचा चौकशी अहवाल पडला होता. मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा इशारा वाजत होता, मयताची श्रवणशक्ती ताज्या तपासणीनुसार उत्तम होती, सबब अपघात मयताच्या निष्काळजीपणामुळे घडला. आदल्या रात्रीपासून तिने तो इतक्यांदा वाचला होता की 'सबब' या शब्दाचीच तिला चीड आली होती.

ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. दर वर्षी प्लास्टिकचा मोठा कान उघडून त्यातला एकेक भाग मुलांच्या हातात द्यायची. आणि घरी वडील टीव्ही मोठा करत, 'तू तोंडातल्या तोंडात बोलतेस' म्हणत, तेव्हा ती चिडून दुसऱ्या खोलीत जायची. पंधरा वर्षं. त्या प्लास्टिकच्या कानावर जितका वेळ घालवला त्याच्या शंभराव्या हिश्शानेही तिने त्या खऱ्या कानाकडे पाहिलं नव्हतं. संताप कारखान्यावर होता, वडिलांवर होता, पण त्याचं बूड इथं होतं.

तिने काकांना सरळच विचारलं. कारखान्याच्या अधिकाऱ्यांसमोर पुन्हा तपासणीला बसाल का? या वेळी खांदा न बघता?

काकांचं हसू मावळलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गेलेल्याचं नाव धुवायला जित्याच्या पोटावर पाय का, असं ते म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. मग तिने कागद ओढला आणि कान काढला. हवेतली थरथर पडद्यावर येते, पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांना हलवते. हातोडी, ऐरण आणि रिकीब.

"म्हणजे आतही कारखानाच," काका म्हणाले.

त्याच्या आत शंखासारखी वळलेली नळी, तिच्यात पाणी, आणि पाण्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी, दाराशी हिरवळ असावी तशा. पाणी हललं की तुरे लवतात आणि मेंदूला वर्दी जाते. बारीक, चिरके आवाज अगदी दाराशीच टिपले जातात, जाडे आवाज आत खोलवर. अन् प्रेसच्या धडधडीने दाराजवळचं गवतच आधी तुडवलं जातं. म्हणून माणसाला बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण गाडीची टींटीं पोचत नाही.

"परत उगवत नाही?"

"नाही."

काकांनी कागदावरच्या तुऱ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "यंदा चार नवे लागलेत. चौघांनाही खांदा मीच शिकवला."

सोमवारी ते स्वतःहून कारखान्याच्या फाटकाशी उभे होते.

सुरक्षा अधिकारी सभ्य होता, आणि त्या सभ्यपणाचाच तिला राग येत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटतं म्हणाला. काका काचेच्या खोलीत जाऊन बसले. तेव्हा तिने अहवालाची फाईल उचलली आणि काचेवर धरली, तपासनीस आणि काकांच्या मधोमध.

असं करता येत नाही, हे पद्धतीत बसत नाही, तपासनीस म्हणाला.

"सगळ्या शेडचे कान विशीतल्या पोरांसारखे," ती म्हणाली, "तुम्हाला कधी नवल नाही वाटलं?"

"निकाल चांगला आला की कोण विचारतं, ताई?"

अधिकाऱ्याने मान हलवली तसा तपासनिसाने पहिला चिरका सूर सोडला. मग दुसरा. मग मोठा, आणखी मोठा. खांदा वर जात होता, खाली येत होता. यंत्रावरचा बटणाचा दिवा काही लागला नाही. शेवटी आतून, काच थरथरेल अशा आवाजात काकांनी विचारलं, "सुरू कधी करणार?"

तिने फाईल खाली घेतली. काकांनी काचेतून तिघांचे चेहरे पाहिले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

यंत्रातच बिघाड असू शकतो, अधिकारी म्हणाला. आजच्या तपासणीची नोंद धरता येणार नाही.

तिने काकांना हाताने बाहेर बोलावलं. फाईल तिने काकांच्या हातात दिली, ती काचेवर कशी धरायची ते खुणेने दाखवलं आणि स्वतः आत जाऊन बसली. सूर आला, डासाच्या गुणगुणीएवढा. तिने बटण दाबलं. त्याहून बारीक आला. दाबलं. काय ती नाजूक, स्वच्छ सुई. हीच वडिलांच्या पाठीमागून किंचाळत आली होती, आणि ते हातातला पत्रा न्याहाळत उभे होते. तिने बटण इतकं जोरात दाबलं की अंगठ्यावर वळ उठला. एकही सूर सुटला नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यंत्र ठणठणीत आहे. लिहा."

अधिकाऱ्याने पेन उघडलं, बंद केलं. वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणाला. मग त्यांना इथंच बोलवा, ती म्हणाली, मी पुन्हा बसते, संध्याकाळपर्यंत बसते. ती आवाज चढवत नव्हती. तपासनीस स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवत भिंतीकडे बघत होता. अधिकाऱ्याने पुन्हा पेन उघडलं आणि काय लिहू, असं विचारलं.

"माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं. तुम्हाला ते कधीच तपासायचं नव्हतं."

पहिलं वाक्य त्याने लिहिलं. दुसऱ्यापाशी थांबला. ती वाट बघत उभी राहिली. काका अजून फाईल काचेवर धरून होते. संपलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. ती त्यांच्यासमोर गेली आणि ओठ दिसतील अशी उभी राहून दोन्ही वाक्यं पुन्हा, सावकाश म्हणाली. काकांनी ती लक्ष देऊन पाहिली, मान हलवली, आणि फाईल बगलेत मारून अधिकाऱ्याच्या टेबलापाशी, लिहिणाऱ्या हाताच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.