निंबाची हद्द

महादेवरावांनी मुठीतली चुन्याची फक्की बोटांच्या फटीतून सोडत एका कोंबडीच्या मागून रेघ ओढली आणि वाकलेलेच ते पुढच्या कोंबडीकडे सरकले. कोंबडी हलली नाही. तिने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. दुपारचा एक वाजला होता. अंगणातले सिमेंटचे गट्टू इतके तापले होते की पलीकडचं फाटक थरथरताना दिसत होतं. त्या गट्टूंवर भर उन्हात बारा कोंबड्या चोची मिटून निवांत बसल्या होत्या.

"बाबा, डोक्याले दुपट्टा तरी बांधा," वर्षाली, त्यांची सून, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "नवतपा लागला आहे, आग पडून राह्यली. कोंबड्या राहतीन अन् तुमीच जासान."

"दोनच राह्यल्या," ते म्हणाले आणि रेघ पुरी केली.

मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. सेलूपासून पवनारपर्यंत किती भावाभावांच्या बांधांवरून त्यांनी साखळी ओढली, किती शिव्या खाल्ल्या, त्याची गणती नव्हती. जे मोजता येत नाही ते नसतं, असं ते चारचौघांत बिनदिक्कत सांगत. त्यामुळे गेल्या तीन दिवसांत अंगणात जे चाललं होतं, त्याने त्यांची झोप उडाली होती, आणि मोजण्यावाचून दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता.

मुळात कोंबड्या हा त्यांचा विषयच नव्हे. त्या सुलोचनाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या. ती मार्चअखेर गेली तेव्हा मागे एकच कोंबडी उरली होती, करड्या ठिपक्यांची, म्हातारी. तिला सगळे कवडी म्हणत. एकटी झुरेल म्हणून वर्षालीने एप्रिलात सेलूच्या बाजारातून तेरा तलंगा आणल्या. अजून अंड्यावर न आलेल्या त्या पोरसवदा कोंबड्यांनी सिंदी मेघे गावातलं ते अंगण भरून टाकलं. मग ऊन चढू लागलं. वर्षालीने खुराड्याच्या टिनावर ओली बारदानं टाकली, परातीत गूळ-मिठाचं पाणी ठेवलं, टरबुजाच्या साली घातल्या. तरी पारा सेहेचाळीसवर गेला त्या दुपारी दोन तलंगा टिनाखाली माना टाकून पडल्या. बाकीच्या पंख अंगापासून सोडून, चोची वासून धापा टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी खुराड्याचं दार उघडं राहिलं. वर्षाली धावत बाहेर आली तेव्हा उरलेल्या बाराही अंगणाच्या मधोमध, उघड्या गट्टूंवर जाऊन बसल्या होत्या. तिने हाकलल्या. त्या परत आल्या. संध्याकाळी मोजल्या तर बारा. एकही दगावली नव्हती. एवढंच नव्हे, तर दुपारभर त्या जागा बदलत राहिल्या होत्या. बारा वाजता पश्चिमेच्या भिंतीजवळ, दोनला थोड्या अलीकडे, चारला थेट घराच्या पायरीशी. सगळ्या मिळून, न भांडता, हळूहळू.

महादेवरावांनी ते पाहिलं. ती चाल त्यांच्या ओळखीची होती. सुलोचना बावीस वर्षं आपली बाज तशीच सरकवत आली होती.

पश्चिमेच्या भिंतीजवळ कडूनिंब होता. लेआउट पडायच्या आधीपासूनचा, तिघांनी कवेत घ्यावा एवढा. सुलोचना कपडे धुतलेल्या पाण्याची बादली रोज त्याच्या बुडाशी ओतायची. "अवं, त्याच्या मुळा धाम नदीले लागल्या असतीन, त्याले तुह्या बादलीचं काय अप्रूप?" असं ते चिडवायचे. मग मुलाने, अंकुशने, गाडी घेतली. गाडी आत वळेना. झाड तोडू म्हटलं तर सुलोचना जेवेनाशी झाली. त्यानंतर मार्चमध्ये ती दवाखान्यात पडली, आणि तिथल्या तिच्या नवव्या दिवशी महादेवरावांनी आरावाले बोलावले. ती घरी असती तर झाड तुटलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी तो दिवस साधला होता. बुंधा गेला, मुळं उकरून काढली, खड्ड्यात मुरूम भरला आणि वर गट्टू बसवून घेतले.

आता त्याच गट्टूंवर चुन्याची रेघ होती.

त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि रेघ उतरवून काढली. त्यांचा पहिला तर्क साधा होता. कवडीला झाड आठवत असेल, ती सवयीने बसते, आणि नव्या तिच्या मागून जातात. म्हणून कालच त्यांनी कवडीला दिवसभर न्हाणीत कोंडून पाहिलं होतं. ज्यांनी तो निंब कधी पाहिलाच नव्हता, त्या अकरा जणी बारा वाजता बरोबर भिंतीजवळ जाऊन बसल्या होत्या.

आज कागदावर आकार उमटला तो गोल नव्हता. उत्तरेच्या अंगाला एक खोलगट खाच होती. एकही कोंबडी त्या खाचेत बसलेली नव्हती. एक तर तिथपर्यंत चालत गेली आणि चटका बसल्यागत पाय उचलून मागे फिरली. महादेवराव त्या खाचेकडे बघतच राहिले. विजेच्या तारेला लागते म्हणून आठ वर्षांपूर्वी उत्तरेची फांदी छाटली होती. तेवढ्या जागेत तेव्हापासून ऊन पडायचं.

पेन्सिल खाली ठेवून त्यांनी कोंबड्यांकडे नीट पाहिलं, आणि तीन दिवस जे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं ते आता दिसलं. फाटकाची सावली गट्टूंवर काळीभोर पडली होती. परातीची पडली होती. रेघेच्या आत बसलेल्या बारा कोंबड्यांपैकी एकीचीही सावली नव्हती.

त्यांना भीती वाटली. सत्तरीच्या, नास्तिक म्हणवणाऱ्या माणसाला भर दुपारी आपल्याच अंगणात वाटावी तेवढी वाटली. ते उठले, चपला काढल्या आणि रेघेच्या आत पाय टाकला.

तळवा भाजला. त्यांनी दुसराही पाय आत घेतला. ऊन तसंच डोक्यावर होतं, आणि त्यांची सावली त्यांच्या पायाशी शाईच्या डागासारखी पडली होती. शेजारची तलंग पिसं फुलवून डुलक्या काढत होती. ते तिच्याकडे दोन पावलं सरकले. सावलीही सरकली.

"बाबा! अनवाणी कायले उभे राह्यले?"

वर्षाली पाण्याचा गडवा घेऊन धावत आली. घाईत तीही अनवाणीच आली होती. रेघेबाहेर होती तोवर ती चवड्यांवर टुणटुण उड्या मारत होती. रेघ ओलांडली आणि तिची पावलं सपाट टेकली. गडवा त्यांच्या हातात देऊन ती उभी राहिली, पदराने गळ्याचा घाम टिपला.

"इथं तर बरं वाटून राह्यलं," ती सहज म्हणाली. "हवा आहे इथं."

महादेवरावांनी तिच्या पायांकडे पाहिलं. तिची सावली नव्हती. त्यांनी गडवा खाली ठेवला.

"तुह्या पायाले चटका बसून नाई राह्यला?"

"नाई. थंड आहे." मग तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते आळीपाळीने पाय उचलत होते, आणि त्यांच्या अंगठ्याजवळ फोड आला होता. तिचा चेहरा उतरला. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं, रिकाम्या पांढऱ्या आभाळाकडे. "बाबा, चला. अंदर चला."

"थांब." ते म्हणाले. "तुले एक सांगाचं आहे. तुह्या सासूले मी खोटं सांगतलं. दवाखान्यात ती रोज विचारे, निंबाले पाणी टाकलं का म्हणून. अन् मी म्हणो, टाकलं. झाड तोडून फेकलं, तरी म्हणो, टाकलं. तेरा दिवस. ती तसंच समजून गेली."

हे बोलताना त्यांना दिसत होतं ते मार्चच्या शेवटच्या दुपारचं अंगण. सुलोचनाला घरी आणून ठेवलं ते इथंच. वर काही नव्हतं. चार बायका चादरीची चार टोकं धरून तिच्यावर सावली करत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

 एक कोंबडी वर्षालीच्या पायाला टेकून बसली.

"आईले माहीत होतं बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"झाड तोडलं त्याच दिवशी मी डबा घेऊन गेलती. माह्या चपलेले भुसा लागला होता. त्याइनं पाह्यला. वास घेतला. मले म्हणे, निंबाचा आहे ना व हा? मले खोटं बोलता आलं नाई." तिने नाक ओढलं. "मी म्हटलं, बाबाले बोलू का? त्या म्हणे, नोको. मीच रोज विचारीन. एखाद्या दिवशी तेच सांगतीन."

 तेरा दिवस, तेरा संध्याकाळी. खाटेच्या कडेला बसून दिलेलं ते 'टाकलं'. प्रत्येक वेळी ती मान हलवायची आणि भिंतीकडे वळायची. थकवा असेल, असं त्यांनी समजून घेतलं होतं. ती वाट बघत होती. शेवटच्या संध्याकाळी तिला बोलायचं त्राण नव्हतं, तेव्हा तिने नुसत्या भुवया उंचावून विचारलं होतं. त्यांनी तेव्हाही मान डोलावली होती.

"तुमी अंदर चला," वर्षाली रडवेली होऊन म्हणाली. "मले भेव लागून राह्यलं."

"तू जाय बेटा. मी येतो."

ती गेली. रेघ ओलांडताच तिने पाय झटकन उचलले. ते बघून महादेवराव रेघेबाहेर आले, चपला घातल्या, न्हाणीत गेले आणि कपड्यांच्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. वाटेत दोनदा टेकवावी लागली. भिंतीजवळ जिथे बुंधा होता तिथे त्यांनी ती ओतली. पाणी गट्टूंच्या फटींतून आत शिरलं. त्यांच्या पायांवर उडालेले थेंब तिथल्या तिथे वाळले. रेघेच्या आत पसरलेला ओलावा मात्र काळा, गार, तसाच राहिला.

"आज टाकलं," ते म्हणाले. मग घसा खाकरून, कुणाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "तोडलं मी. तू नव्हती म्हणून तोडलं. तुले विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाई."

काही झालं नाही. कुठे पान हललं नाही, हलायला पान नव्हतंच. त्यांनी वाट पाहिली. मग ते उत्तरेच्या खाचेत जाऊन उभे राहिले. ती जागा तरी उन्हाचीच होती. तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

साडेतीन झाले असतील. कोंबड्या सरकल्या, चुन्याच्या रेघेबाहेर गेल्या, घराच्या बाजूला नव्याने बसल्या. त्यांच्याबरोबर खाचही सरकली तसे तेही सरकले. कवडी तेवढी उठून उभी होती. तिने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक पाय उचलत ती बाहेर, उन्हात आली. बाहेर येताच तिची चोच उघडली, गळ्याखालचं कातडं धडधडू लागलं, पंख सुटे झाले. गट्टूंवर तिची सावली उमटली.

"जाय," ते घाबरून म्हणाले. "तिकडं जाय. मरशीन."

त्यांनी वाकून तिला परत ढकलली. ती पुन्हा आली. त्यांच्याभोवती एक वळसा घेतला, त्यांच्या अंगाची जी सावली पूर्वेकडे लांबली होती तिच्यात शिरली, दोनदा जागेवर फिरली आणि पोट टेकून बसली. महादेवराव श्वास रोखून बघत होते. हळूहळू तिचे पंख मिटले. मग चोच.

दारातून वर्षालीची हाक आली. "बाबा, चार वाजाले आले. या ना आता."

त्यांच्या डोळ्यांत घाम उतरत होता. तो पुसायला हात उचलला की सावली हलेल, म्हणून त्यांनी तो पुसला नाही.

"कसा येऊ?" ते म्हणाले. "ही बसली आहे."