दुसरा व्हॉल्व्ह

टेबलावर नऊ वस्तू होत्या. एक वाकलेला लोखंडी टेकू, एक फुटलेली होज, एक पाना, एक हातमोजा, बूमच्या सिलिंडरवरून काढलेला व्हॉल्व्ह, त्याच्या स्प्रिंगचे दोन तुकडे आणि दोन रबरी रिंगा. हातमोज्याचा जोडीदार काफुलांच्या हातातच राहिला होता.

काफुला आमच्या कित्वेच्या वर्कशॉपमधले फिटर. खाणीतून दुरुस्तीला आलेल्या लोडरची होज फुटली तेव्हा बकेट वर होती. अशा वेळी आधी बूमला, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लोखंडी हाताला, टेकू द्यायचा हा नियम. पण टेकू द्यायला बूमखाली जावंच लागतं, आणि तेवढा वेळ भार धरून ठेवणं एवढंच या व्हॉल्व्हचं काम. तो सुटला, की टेकू न लावताच काफुला कामाला खाली शिरले, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. पडलेल्या बूमने व्हॉल्व्ह चिरला होता, त्यामुळे दाब देऊन बघण्याचा प्रश्नच नव्हता.

शिवाय लोकांनी उत्तर आधीच ठरवलं होतं. ते मयताच्या घरी ठरलं.

काफुला बेम्बा जमातीचे, तर स्टोअर सांभाळणारे बा जेरे न्गोनी जमातीचे. या दोन जमाती म्हणजे थट्टेची भावंडं. एकाचं मयत झालं की दुसऱ्याने त्याची नक्कल करायची, घरच्यांनी हसायचं, राग कुणी धरायचा नाही. जेरे काफुलांचा ओव्हरऑल चढवून बायकांच्या खोलीत आले आणि शवपेटीवर थाप मारून म्हणाले, "उठ की रे माकडखाऊ, शिफ्ट सुरू झाली." मग त्यांनी मोठी जांभई दिली आणि झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून पडला. "जाऊ दे. बूम काय पळून जातेय? टेकू उद्या लावू."

"उंदीरखाऊ, तू तरी कधी घाम गाळलास?" कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली. डोळे पुसत सगळ्या हसल्या. मपालोची आई, काफुलांची बायको, तीही हसली. हसावंच लागतं.

पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये जो तो म्हणत होता, टेकू उद्या लावू. मॅनेजर परदेशातून आलेला. तो मला म्हणाला, "जेरेंसारखा जुना माणूस सांगतो की काफुला टेकू टाळायचे. मग तू काय तपासत बसली आहेस?"

"ती थट्टा होती," मी म्हणाले.

"मयताच्या घरी?"

मी पुन्हा स्प्रिंगचे तुकडे उचलले.

मपालोची आई नवऱ्याचं सामान न्यायला आली तेव्हा जेरे माझ्या खोलीच्या दारात उभे होते. तिने पिशवी खाली ठेवली.

"बा जेरे, माती होऊन गेली. थट्टा संपली ना?"

"संपली, वहिनी."

"मग सांगा. ते टेकू लावायचे की नाही?"

"लावायचे. मला कंटाळा यायचा इतके लावायचे."

"मग हे त्या मॅनेजरला सांगा. पोरगं विचारतं मला, बाबा आळशी होते का म्हणून."

"सांगितलं. त्याला वाटतं, मी आता मेलेल्याला सांभाळून घेतोय."

जेरे स्टोअरमध्ये गेले आणि एक बंद खोका आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"जोडीतला दुसरा व्हॉल्व्ह. पहिला तुझ्या टेबलावर आहे. दोन्ही मीच बाजारातून आणले. कंपनीचा माल यायला वेळ लागणार होता आणि लोडर अडकला होता." त्यांनी खोका उजेडात फिरवला. "शिक्का बघ. चमकती पट्टी बघ. यात काय खोटं आहे?"

मी तळ बघितला. तिथे निळ्या पेनने आमच्याच स्टोअरमधल्या मांडणीचा जुना नंबर लिहिला होता.

"हे अक्षर कुणाचं?"

जेरेंनी चष्मा वर केला, खाली केला. "माझं."

"रिकामे खोके कुणाला देता तुम्ही?"

"ज्याच्याकडून हे आणले, त्याच दुकानदाराला." त्यांनी चष्मा काढला. "माल बांधायला हवेत म्हणायचा. चांगले खोके जाळायचे कशाला?"

मी खोका उघडला आणि आमच्या जुन्या, खऱ्या व्हॉल्व्हशेजारी हा ठेवला. खऱ्यावरचा नंबर ठोकलेला, त्यात नख अडकतं. यावरचा वरवर कोरलेला. आट्यांच्या कडेला बोटाला टोचणारी बारीक कूस. तराजूवर हा ४२ ग्रॅम हलका भरला.

"खोका खरा आहे, आतला माल नाही," मी म्हणाले. "दाब देऊन बघितलं तरच मॅनेजर ऐकेल. पण बा जेरे, हा तुमच्या सहीने आत आलाय."

"पंप मार, पोरी."

मी मॅनेजरला बोलावलं. जेरे मपालोच्या आईसाठी खुर्ची घेऊन आले, पण ती बसली नाही. तिचं लक्ष गेजच्या काट्यावर होतं. मी व्हॉल्व्ह बेंचवर आवळला आणि पंपाचं हँडल मारायला लागले.

वर असलेली बूम धरायला व्हॉल्व्हने २१० बार दाब पेलावा लागतो. व्हॉल्व्ह पहिल्यांदा ८८ बारला सुटला, दुसऱ्यांदा ८५ ला, तिसऱ्यांदा ७९ ला.