लाल अस्तर

“उजेडाला आमचा विरोध नाही,” आबा केळुसकर म्हणाले, “पण तो कुठे असावा आणि कुठे नसावा, याला काही धरबंध आहे की नाही?”

बागेतल्या पत्र्याच्या शेडखाली जमलेल्यांनी माना डोलावल्या. टिटवाळ्याच्या या नव्या वसाहतीत आबांचे बोलणे सहसा कुणी खोडत नसे. मंत्रालयातली नोकरी, स्वच्छ भाषा, कडक इस्त्रीचा लेंगा. तो लेंगा संदेशने शिवलेला होता. शेडमधल्या निम्म्या पँटींची उंचीही त्यानेच कमी केली होती. शेवटच्या रांगेमागे खांबाला टेकून उभे असताना त्याला सगळ्यांच्या पाठी ओळखीच्या वाटत होत्या. चेहरे मात्र परके.

बागेच्या मागे गवत माजलेला एक कोपरा होता. तिथे दिवे लावून स्केटिंग रिंक बांधायला पालिका तयार होती. रहिवाशांनी फक्त हो म्हणायचे होते. त्यासाठी आलेले इंजिनिअर साहेब खुर्चीत मोबाइल चाळत बसले होते.

“काका, नऊला लाइट बंद करू ना,” कृतिका म्हणाली. समोरच्या टॉवरमधली ही मुलगी वसाहतीतल्या मुलांना स्केटिंग शिकवायची. “दिवसभर शाळा, मग क्लास. पोरांना संध्याकाळच मिळते हो.”

“आणि आम्हाला? दिवे लागले की तिथे कोण कोण घुटमळायला लागतं, ते तुला ठाऊक नाही.”

“ते तर अंधारातच जास्त येतात, काका.”

कुणीतरी हसले. आबा हसले नाहीत. “या वयात उलट उत्तरं फार सुचतात. बस खाली.”

संदेशने हात वर केला. आठवडाभर शिलाई मशीनच्या आवाजाखाली त्याने वाक्ये जुळवली होती. टॉवरमागच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर रोज उजाडण्याआधी आपली मुलगी उर्वी स्केटिंगचा सराव करते. वळणावर एका हातात लाल अस्तराचे कापड आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून आपण उभे राहतो, म्हणजे पाण्याचे टँकर थांबतात. दिवाळीनंतर एक टँकर थांबला नाही. उर्वीने गटाराच्या बाजूला उडी घेतली, म्हणून वाचली. कोपराची साल मात्र रस्त्यावर राहिली. हे सगळे सांगायचे होते. तोंडातून आले ते एवढेच:

“आबा, आमची उर्वी रस्त्यावर खेळते. टँकर येतात हो तिथे.”

“मास्टर, तुमचीसुद्धा?” आबांनी भुवया उंचावल्या. “आता दुकानालापण चाकं लावा म्हणजे झालं.”

शेड हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता; म्हणूनच ते जास्त लागले.

“हे बघा,” आबा समजुतीने म्हणाले, “रस्ता चालायचा असतो. तिथे खेळूच नये. इतकी साधी गोष्ट.”

“मग खेळायचं कुठे?” संदेशने विचारले. त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. पण खुर्च्या सरकू लागल्या होत्या, कुणाच्या मालिकेची वेळ झाली होती, आणि इंजिनिअर साहेबांनी “हात वर करा बघू” म्हटले होते.

विरोधात हात वर झाले. कित्येक बाह्या त्याच्याच हातच्या होत्या.

बाहेर पडताना त्याने फाटकाकडे पाहिले. फाटकावर फुगे घेऊन धावणाऱ्या मुलांचे चित्र होते. चित्राखाली पाटी होती: बागेत चेंडू आणण्यास मनाई आहे. इतके दिवस तो या पाटीपुढून निमूट ये-जा करत आला होता. आज त्याची कानशिले तापली.

दुकानात कापड कापायच्या टेबलावर पाय हलवत उर्वी चाके पुसत बसली होती.

“पप्पा, काय झालं?”

“नाही झालं.”

“तू बोललास?”

“बोललो गं.”

तिने चाक फिरवून त्याचा आवाज ऐकला. “उद्या उठवशील ना?”

त्याने खुंटीवरचे लाल अस्तर काढले. कडा उसवल्या होत्या. त्या दुमडून तो टीप घालू लागला, इतक्या जोरात की दोरा दोनदा तुटला.

पहाटे काळू नदीकडून आलेले धुके रस्त्यावर बसले होते. उर्वी दूरच्या टोकाला दिसेनाशी झाली. संदेश वळणावर उभा राहिला, बॅटरीचा झोत तिच्या वाटेवर धरून. तेवढ्यात धुक्यातून काठीचा आवाज आला. बागेचे फाटक अजून उघडलेले नसावे. मफलर गुंडाळलेले आबा रस्त्याच्या मधोमध चालत येत होते.

आणि त्यांच्या मागून टँकर.

संदेश रस्त्यात उतरला आणि त्याने कापड उंच धरले. ब्रेक करकरले.

“ओ भाऊ, हटो ना यार,” ड्रायव्हर ओरडला. संदेश हलला नाही.

दचकून मागे वळलेल्या आबांचे डोळे टँकरच्या दिव्यांनी दिपले होते. ते जागीच चाचपडले. “कोण, मास्टर का? बॅटरी जरा इकडे धरा हो. पायाखालचं काही दिसत नाही.”

लांबून चाकांची घरघर जवळ येत होती. संदेशने क्षणभर त्या आवाजाकडे पाहिले. “उर्वी, थांब गं,” त्याने हाक दिली, आणि झोत आबांच्या पायांकडे वळवला. त्याने घातलेली लेंग्याची टीप उजेडात स्पष्ट दिसली.

“चाला, आबा,” तो म्हणाला. “रस्ता चालायचाच आहे.”

आबा थबकले. काठी टेकत, उजेडाच्या त्या वर्तुळातून ते सावकाश कडेला गेले.

चाकांची घरघर थांबली होती. वळणापलीकडे, अंधारात, तोल सावरत उर्वी उजेड परत येण्याची वाट पाहत उभी होती.